लाल कोर्ट, संस्कृत काव्य आणि लीला राव

नदालमुळे रोलँड गॅरोसची लाल माती आपल्या मोबाइलवर रोजची झाली. आष्टीच्या काळ्या, कपाशीच्या जमिनीवर वाढलेल्या मला त्या मातीचं भारी कुतूहल. खरं तर ती माती नव्हेच. चुनखडीच्या पांढऱ्या थरावर एक-दोन मिलिमीटर विटेची भुकटी, बस्स. चेंडू तिथे मंदावतो, उंच उसळतो, एकेक गुण लांबत जातो. नुसती ताकद पुरत नाही, चिकाटी लागते.

हे स्टेडियम १९२८ चं. आदल्या वर्षी फ्रान्सने अमेरिकेकडून डेव्हिस कप जिंकून आणला होता. तो राखायचा तर घरी मोठं मैदान हवं होतं. नाव दिलं पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एका वैमानिकाचं. फ्रेंच स्पर्धा त्याआधीच, १९२५ पासून, परदेशी खेळाडूंना खुली झाली होती. अमेरिकेच्या हेलन विल्सने इथलं एकेरीचं विजेतेपद चारदा मिळवलं. चौथं १९३२ मध्ये.

त्याच वर्षी पॅरिसमध्येच एक संस्कृत पुस्तक छापलं गेलं, ‘सत्याग्रहगीता’. गांधीजींच्या लढ्यावरचं काव्य. कवयित्री पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमा राव. तुकारामांच्या गाथेचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या कन्या. इंग्रजांच्या राज्यात असं पुस्तक काढणं अवघड, म्हणून ते पॅरिसला निघालं. आणि क्षमाबाई टेनिसही उत्तम खेळायच्या!

त्यांची मुलगी लीला. १९३४ मध्ये विम्बल्डनच्या गवतावर तिने ग्लॅडिस साउथवेलला हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अॅडामॉफकडून ती हरली.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या नावापुढे ‘शहीद’ लागतं. १६ ऑगस्ट १९४२ ला इथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं गेली. सेवाग्रामही आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे सत्याग्रह म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे चरखा, प्रभातफेरी आणि तुरुंग. टेनिस म्हणजे साहेबाचा क्लब. एकीकडे आपण, दुसरीकडे ते.

राव मायलेकींचं घर ही वाटणी मोडतं. आई गांधीजींवर संस्कृतात लिहिते, लेक साहेबाच्या देशात, साहेबाच्याच खेळात जिंकते. पुढे तीच लेक आईच्या कथांवर संस्कृत नाटकं लिहिते.

हे मुंबईतल्या सुखवस्तू डॉक्टरांचं घर होतं, हे विसरून चालणार नाही. तेव्हा आष्टीतल्या मुलीच्या हाती रॅकेट येणं कठीणच होतं. पण म्हणून लीलाचा विजय उपरा ठरत नाही. ठाण्यासमोर पडलेल्यांची नावं आम्ही दरवर्षी घेतो, घ्यायलाच हवीत. ‘सत्याग्रहगीता’ मात्र आमच्या त्या आठवणीत कुठे नाही, आणि ती लिहिणारीची लेकही नाही. सत्याग्रहाचा इतिहास सांगताना या दोघींनाही जागा द्यायला काय हरकत आहे?