हॅसलब्लाड ५०० मालिका: जुनी बॉडी की नवी?

स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीने १९५७ मध्ये ५००सी हा मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेरा आणला. या मालिकेत शटर बॉडीत नसून लेन्समध्ये असते आणि १२० फिल्म मागच्या सुट्या मॅगझिनमध्ये. त्यामुळे लेन्स आणि मॅगझिन तेच असेल, तर जुन्या-नव्या बॉडीच्या ६ × ६ सेंमी निगेटिव्हमध्ये फरक ओळखू येत नाही.

फरक पडतो तो बघण्यात. ५००सीची फोकसिंग स्क्रीन वापरणाऱ्याला स्वतः सहज बदलता येत नाही. १९७० च्या ५००सी/एमपासून ती बदलता येऊ लागली. कमी उजेडात काम करणाऱ्याला एवढा बदलही पुरेसा आहे, कारण पुढे आलेली उजळ अ‍ॅक्युट-मॅट स्क्रीन त्यात बसते. ५०३सीएक्समध्ये (१९८८) फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजून फ्लॅश आवरण्याची सोय आली. स्टुडिओत हातमीटर वापरणाऱ्याला तिचे फारसे अप्रूप नाही. ५०३सीडब्ल्यूचा (१९९६) आरसा मागे सरकत उचलला जातो, म्हणून तो मोठा ठेवता आला. आधीच्या बॉडींत टेलिफोटो लेन्स लावल्यावर दृश्याची वरची कड काळी दिसते. फिल्मवर मात्र ती पूर्ण उमटते.

वापरलेला कॅमेरा घेताना मॉडेलपेक्षा देखभाल महत्त्वाची. मॅगझिनचे सील झिजले असेल, तर फ्रेमच्या कडेला प्रकाशाचा पट्टा येतो. सील बदलणे सोपे असते. लेन्स काढता-घालताना बॉडी आणि लेन्स दोन्ही चावी दिलेल्या स्थितीत हवीत, नाहीतर कॅमेरा अडकतो.