मुलाला घेऊन गाव बदलताना

पतीपासून विभक्त झालेली स्त्री मुलासह माहेरी जाते, ही आपल्याकडील नित्याची गोष्ट. सासर साताऱ्याला आणि माहेर सांगलीला असेल, तर अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. सकाळी एसटीने निघालेला माणूस कराडमार्गे दुपारच्या जेवणाला पोहोचतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र या प्रवासात एक सीमा ओलांडली जाते. सातारा जिल्हा न्यायालयाची हद्द संपते आणि सांगलीची सुरू होते. मुलाच्या ताब्याचा वाद पुष्कळदा याच सीमेवर अडतो.

पालक आणि पाल्य कायदा, १८९० हा सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याच्या कलम ९ नुसार अर्ज करायचा तो अज्ञान मूल जेथे ‘सर्वसाधारणपणे राहते’ तेथील न्यायालयात. कौटुंबिक न्यायालय असेल तेथे ते, नसेल तेथे जिल्हा न्यायालय. पण सर्वसाधारणपणे राहणे म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रुची माजू खटल्यात याचे उत्तर दिले. हा प्रश्न प्रामुख्याने वस्तुस्थितीचा असून त्यात राहण्याचा हेतूही पाहावा लागतो. सांगलीच्या शाळेत वर्षभर शिकत असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आणि दिवाळीच्या सुटीत आणून परत न पाठवलेल्या मुलाची वेगळी.

गुंतागुंत येथेच वाढते. हिंदू विवाह कायद्यात २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे पत्नीला ती राहते त्या ठिकाणी घटस्फोटाचा अर्ज करता येतो आणि त्याच अर्जात कलम २६ खाली मुलांच्या ताब्याचा आदेशही मागता येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार तात्पुरत्या वास्तव्याच्या ठिकाणीही दाद मागता येते आणि दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. परिणामी वडिलांचा अर्ज साताऱ्यात आणि आईचा सांगलीत, असे चित्र दिसू शकते. मग एक प्रकरण दुसरीकडे वर्ग करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. या साऱ्यात महिने जातात. मूल तेवढ्या काळात नव्या गावी रुळलेले असते किंवा दोन्हीकडून तुटलेले असते.

ताब्याचा कोणताही आदेश झालेला नसेल, तर मुलाला नेणाऱ्या पालकावर अपहरणाचा गुन्हा सहसा टिकत नाही. स्वतःच्या मुलाला नेणारा पिता नैसर्गिक पालक असल्याने, न्यायालयाची मनाई नसेल तर त्याच्यावर असा गुन्हा दाखल होऊ शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे. याचा अर्थ मूल पळवण्याची मुभा मिळाली असा कोणी घेऊ नये. ताबा ठरवताना न्यायालय मुलाचे हित पाहते, आणि दुसऱ्या पालकाला अंधारात ठेवून केलेले स्थलांतर अर्जदाराच्या बाजूने क्वचितच बोलते.

आदेश झाल्यावर स्थिती पालटते. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला पाल्यास हद्दीबाहेर हलवण्यापूर्वी कलम २६ नुसार परवानगी घ्यावी लागते. ती एका प्रसंगापुरती किंवा सर्वसाधारण असू शकते. न्यायालयाचा अधिकार चुकवण्याच्या हेतूने मूल हद्दीबाहेर नेल्यास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे. दंडाची रक्कम १८९० सालची आहे हे सांगायला नकोच! घटस्फोटात समजुतीने ताबा ठरला असेल, तर त्या अटीच निर्णायक ठरतात. मात्र त्या कायमच्या नसतात. परिस्थिती बदलली की त्यांत बदल मागता येतो.

असा बदल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विक्रम वीर व्होरा खटल्यात मान्य केला. आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचे होते. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून त्याची इच्छा जाणून घेतली आणि मूल की कारकीर्द अशी निवड आईवर लादता येणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भारती डांगरे यांनी पुण्यात नोकरी करणाऱ्या एका आईला नऊ वर्षांच्या मुलीसह पोलंडला जाण्याची परवानगी दिली. शेजारच्या युक्रेनमधील युद्धाचा वडिलांचा आक्षेप टिकला नाही. मुलीच्या वडिलांशी होणाऱ्या भेटींची तरतूद मात्र करण्यात आली.

पोलंडला जे लागू, ते सांगलीलाही लागू. परवानगीच्या अर्जात नोकरीचे पत्र, राहण्याची सोय, नव्या शाळेची माहिती आणि घरी मुलाकडे कोण पाहणार हे नमूद केलेले असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भेटींचे वेळापत्रक. साताऱ्यात दर रविवारी दोन तास भेटणाऱ्या वडिलांना सांगलीला तेवढ्यासाठी सहा तास प्रवास करायला लावणे न्याय्य नव्हे. त्याऐवजी महिन्यातून दोन मुक्काम, दिवाळी व उन्हाळ्याच्या सुटीचा निम्मा भाग आणि ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, अशी मांडणी अधिक व्यवहार्य ठरते. अशा कॉलचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू खटल्यात अधोरेखित केले. मुलाला आणायचे-पोहोचवायचे कोणी आणि प्रवासखर्च कोणाचा, हेही लिहून घेतलेले बरे. पुढची भांडणे बहुधा त्यावरूनच होतात.

जिल्हा किंवा कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध सातारा व सांगलीच्या पक्षकारांना पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.