दासगावचं तोंड नदीकडे

मुंबई-गोवा रस्त्यानं महाडला जाताना थोडं अलीकडे सावित्रीच्या काठावर दासगाव लागतं. बचत गटाच्या कामानं मी कितीदा तिथून गेले, पण आपली एसटीच्या खिडकीतूनच. रस्त्यावरून दिसते ती गावाची पाठ, हे मला फार उशिरा कळलं.

पूर्वी गावाचं तोंड नदीकडे होतं. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं वर यायची, पुढे लाँचही आली. महाडपर्यंत लहान होड्याच पोचत, म्हणून मोठ्या बोटी दासगावला थांबत. मीठ, सुकी मासळी घाटावर जाई, देशावरचं धान्य नि गूळ खाली येई. तांडेल, हमाल, गाडीवान, सगळ्यांचं पोट भरती-ओहोटीवर. पलटणीत आणि मुंबईला गेलेली माणसंही याच वाटेनं घरी येत. त्यांच्या ट्रंकेत पैसा असे, आणि डोक्यात नवे विचार.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह झाला. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. मुंबईहून धरमतरमार्गे मोटारीची वाट जवळची, पण मोटारमालकांचा भरवसा नव्हता. गाडी दुसऱ्याची असली की वाटही त्याचीच, नाही का? म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सोबतची मंडळी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीनं निघाली. रात्री हरिहरेश्वरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाडीतून दासगावला उतरली. धक्क्यावर हजारो लोक वाट बघत होते. तिथून महाड पाच मैल. लोक घोषणा देत चालत गेले. त्याच रात्री तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला बायाही आल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले, आणि त्यांनी लुगडं नेसायची जुनी पद्धत तिथेच सोडली.

पुढे रस्ता पक्का झाला, लाँच बंद पडली. कोकण रेल्वे आली, तीही शेजारच्या वीरला थांबते. २००५ च्या जुलैत दरड कोसळून दासगावची कितीतरी माणसं गेली. तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला गावाचं नाव कळलं, पण ते दरडीचं गाव म्हणून.

दासगाव-महाड आता एसटीनं काही मिनिटांत होतं. गेल्या खेपेला मी अलीकडेच उतरले आणि नदीकडे चालत गेले. ओहोटी होती.