गळती वरच्या घरात, नुकसान खालच्या घराचे

छताला आधी पिवळसर डाग, मग गिलाव्याचे पोपडे आणि अखेरीस थेंब. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये हा तंटा पार्किंगइतकाच जुना आहे. वरचा सभासद संस्थेकडे बोट दाखवतो, संस्था वरच्याकडे, आणि खालचा मात्र बादली लावून बसतो. बहुतेक ठिकाणी शेवटी 'निम्मे-निम्मे' असा तोडगा निघतो. ही तडजोड आहे, उपविधींतील नियम नव्हे.

महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार गच्ची व तिचे कठडे, बाहेरील भिंती, पाण्याच्या टाक्या, बाहेरील जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. पावसाचे पाणी गच्चीतून झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिकेचे छत वा गिलावा खराब झाल्यास तो खर्चही संस्थेचाच. या यादीत न बसणारी दुरुस्ती सभासदाने स्वतःच्या पैशाने करायची. म्हणजे न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, बेसिनखालचा जोड, सदनिकेच्या आतील नळ हे वरच्या सभासदाचे काम. त्यामुळे पाणी कोठून येते हे ठरल्याशिवाय जबाबदारी ठरत नाही. प्लंबरच्या तोंडी मतावर विसंबण्यापेक्षा वास्तुविशारद वा अभियंत्याचा लेखी अहवाल घेतलेला बरा. पुढे न्यायालयात कागदच बोलतो. इमारत नवी असेल तर २०१६च्या 'रेरा' कायद्याचे कलम १४ पाहावे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो.

दुरुस्तीचा खर्च आणि खालच्या घरातील फर्निचरची भरपाई हे प्रश्न मात्र वेगळे. भरपाईसाठी साधारणतः निष्काळजीपणा दाखवावा लागतो. 'रिकर्ड्स विरुद्ध लोथियन' या १९१३च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्ट केले. मेलबर्नमधील एका इमारतीत कोणीतरी खोडसाळपणे वरच्या मजल्यावरील बेसिन बुजवून नळ सोडून दिला व खालच्या भाडेकरूचा माल भिजला. इमारतीत पाणीपुरवठा असणे हा जागेचा नेहमीचाच वापर असल्याने केवळ पाणी वाहिले म्हणून वरच्या ताबेदारावर दायित्व येत नाही, असे ठरले. परंतु गळतीची लेखी सूचना मिळूनही महिनोन्महिने स्वस्थ बसणाऱ्याला या निकालाचा आसरा घेता येणे कठीण.

विम्याविषयी गैरसमज याहून मोठे. संस्थेने इमारतीचा आग व भूकंप यांपासून विमा उतरवावा, एवढेच उपविधी बंधनकारक करतात. पाण्याचा त्यात उल्लेख नाही, शिवाय सभासदाच्या घरातील सामान संस्थेच्या पॉलिसीत सहसा येत नाही. त्यासाठी स्वतःचा विमा हवा. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकाने लागू केलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ यांबरोबरच पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा ओसंडणे ही जोखीमही आहे. घराचा विमा घेतल्यास सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते.

अडचण पुढेच आहे. फुटलेला नळ वेगळा आणि वर्षभर झिरपणारी ओल वेगळी. दुसऱ्या प्रकारास कंपन्या देखभालीतील त्रुटी मानतात आणि दावा नाकारतात. तसेच शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी या पॉलिसीत गृहीत धरू नये. त्रयस्थ दायित्वाचे संरक्षण वेगळे मागावे लागते. खालच्याला विमा कंपनीने पैसे दिले म्हणून वरचा सुटला असेही नाही. त्याचा निष्काळजीपणा असेल तर कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहून ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते.

नुकसान होताच छायाचित्रे काढावीत, कंपनीला त्वरित लेखी कळवावे आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत भिजलेल्या वस्तू टाकू नयेत. गळती व अंतर्गत दुरुस्तीचे संस्थेशी असलेले वाद सहकार न्यायालयाकडे जातात. विमा दाव्याविषयीची तक्रार आधी कंपनीकडे करावी. तेथे दाद न मिळाल्यास मुंबई व पुणे येथे कार्यालये असलेल्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते.