हेडफोनची वायर आणि दुरुस्तीचा हक्क

गेली काही वर्षं मी मराठवाड्यातल्या वृद्धांच्या आठवणी रेकॉर्ड करतो आहे. विषय 1948 च्या सप्टेंबरमधल्या पोलीस ॲक्शनचा. मुलाखत घेताना दोन माईक लावतो. डाव्या बाजूला माझा प्रश्न, उजव्या बाजूला समोरच्याचं उत्तर. नंतर घरी बसून हेडफोनवर ऐकत एकेक वाक्य उतरवून काढायचं. लातूरकडच्या एका गावातल्या दादीमांची मुलाखत उतरवत होतो, तेव्हा हेडफोनचा उजवा कान गेला. माझा प्रश्न स्पष्ट ऐकू यायचा, “तुम्ही लपलात कुठे?” आणि पुढे शांतता. दादीमांचं उत्तर फाइलमध्ये होतं, पण माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

वायर हलवली की क्षणभर आवाज यायचा. म्हणजे स्पीकर शाबूत होता, वायर आतून तुटली होती. सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने बघून सांगितलं, वायर वेगळी मिळत नाही, नवा हेडफोन घ्या. शंभर-दीडशे रुपयांच्या तारेपायी चार हजारांची चांगली वस्तू टाकून द्यायची, हे मनाला पटेना.

अब्बांचे एक जुने दोस्त आहेत. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्त केले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी हेडफोन हातात घेतला, वायर जिथे कपात शिरते तिथे बोटाने दाबली आणि म्हणाले, “बेटा, तार मरती, मशीन नै मरती.” मग म्हणाले, नवी वायर जोडून देतो, पण दोन वर्षांनी ती पण जाईल. त्यापेक्षा जॅकच बसवू. वायर मेली की उपटायची, दुसरी लावायची.

चाचांच्या या वाक्याने मला हेडफोनच्या इतिहासात नेलं. तिथे कळलं की वायर सुटी असणं ही काही नवी चैन नाही.

1910 च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने दोन्ही कानांवर बसणारा संवेदनशील हेडफोन तयार केला आणि अमेरिकी नौदलाला पाठवला. नौदलाला तो आवडला, मागणी आली. पण बाल्डविन एका वेळी दहाच नग द्यायला तयार होता, कारण तो ते आपल्या स्वयंपाकघरात बनवत होता. आज घरी हेडफोन उघडून बसणाऱ्याला लोक हसतात. या वस्तूची सुरुवातच घरातल्या टेबलावर झाली, हे त्यांना सांगायला हवं.

1920 च्या दशकात रेडिओ घरोघरी गेला. त्या काळच्या हेडफोनची झाकणं हाताने फिरवून उघडायची. आत लोहचुंबक, तारेची वेटोळी आणि वर पातळ लोखंडी चकती. वायरीची टोकं स्क्रूखाली दाबलेली असत. वायर खराब झाली की स्क्रू सैल करायचा, दुकानातून दुसरी आणायची, पुन्हा आवळायचा. घरातला कुणीही हे करू शके.

त्या वायरीची घडणही बघण्यासारखी होती. साधी तांब्याची तार सतत वाकली की थकते आणि तुटते. म्हणून दोऱ्याभोवती तांब्याची अगदी पातळ पट्टी गुंडाळत. ताण दोरा सोसायचा, वीज पट्टीतून जायची. पैठणी विणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून जर तयार होते, त्याच रीतीची ही घडण.

वायरीच्या टोकाला आपण जिला ‘पिन’ म्हणतो, ती त्याहून जुनी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाची लाइन दुसऱ्याला जोडायला ऑपरेटर हाताने पिन खुपसत. अमेरिकेत 1878 मध्ये न्यू हेवनला पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं. 1882 मध्ये मुंबईतही आलं. चार्ल्स स्क्रिब्नर या अभियंत्याच्या सुरुवातीच्या सॉकेटचा आकार खिशातल्या घडीच्या चाकूसारखा, इंग्रजीतल्या ‘जॅकनाइफ’सारखा होता. जॅक हे नाव तिथून आलं. पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची तीच पिन आजही गिटारला आणि स्टुडिओत लागते. तिचं 3.5 मिलिमीटरचं धाकटं रूप ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर पसरलं आणि 1979 मध्ये आलेल्या सोनीच्या वॉकमनने जगभर नेलं. त्या पहिल्या वॉकमनला दोन जॅक होते, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून.

म्हणजे एक टोक कायम सुटं राहिलं. प्रश्न दुसऱ्या टोकाचा, कानाकडच्या. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने 1968 मध्ये एचडी 414 हा मोकळ्या कपांचा हेडफोन आणला, त्याची वायर कानाकडूनही काढता येई. पण बाजारातल्या बहुतेक हेडफोनांत वायर आत सोल्डर करून बंद केली गेली. त्यात खर्च कमी, भाग कमी. पण वायर गेली की अख्खी वस्तू गेली.

लोकांनी यावर स्वतःच उपाय काढला. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचा एटीएच-एम50 हा हेडफोन 2007 मध्ये आला आणि स्टुडिओपासून घरापर्यंत लोकप्रिय झाला. त्याची वायर पक्की बसवलेली. जगभरच्या हौशी लोकांनी तो उघडून त्यात जॅक बसवायला सुरुवात केली. 2014 मध्ये कंपनीने एम50एक्स आणला, त्यात वायर काढता येते आणि खोक्यात तीन वायरी मिळतात. जे काम लोक घरी करत होते, तेच कारखान्यात होऊ लागलं.

चाचांच्या टेबलावर आम्ही तेच केलं. गादी काढली, स्क्रू काढले. कुठला रंग कुठे जोडला आहे, ते आधी कागदावर लिहून घेतलं. जुनी वायर सोडवून स्पीकर बाजूला काढून झाकून ठेवला, कारण त्यातला चुंबक लोखंडाचा कीस ओढतो आणि कण आत गेला की कायमची खरखर लागते. जॅकसाठी 6 मिलिमीटरचं भोक हवं होतं. चाचांनी विजेचं ड्रिल चालवू दिलं नाही, गोल कानसीने हळूहळू वाढवायला लावलं. आतल्या केसाएवढ्या तारांवर वार्निश असतं. ते घासल्याशिवाय सोल्डर धरत नाही. धरलं की आयर्न लगेच उचलायचं, नाहीतर प्लॅस्टिक वितळतं. पिनेच्या टोकावर डावा कान, मधल्या कडीवर उजवा आणि मुळाशी दोघांची सामाईक तार. शेवटी जॅकभोवतीची फट बंद केली, कारण बंद कपातून हवा गळली तर खालच्या पट्टीचा आवाज पातळ होतो.

पहिल्यांदा लावलं तर दादीमा डाव्या कानात बोलल्या आणि मी उजव्या. दोन तारा मी उलट्या जोडल्या होत्या. चाचा हसले आणि म्हणाले, “अब तू सीख्या.” पुन्हा उघडलं, बदललं.

आता वायर पायात अडकली तर पिन निसटते, आतलं काही तुटत नाही. पण आज बाजारात जी वस्तू सगळ्यांत जास्त दिसते, तिच्यात हेही करता येणार नाही. 2016 मध्ये ॲपलने आयफोनमधून हेडफोनचा जॅक काढला आणि बिनवायरीचे इअरबड आणले. नंतर इतर कंपन्या त्याच वाटेने गेल्या. त्यांत तुटायला वायर नाही, पण इवल्याशा बॅटऱ्या चिकटवून बंद केलेल्या असतात आणि त्या काही वर्षांत थकतातच. युरोपीय संघाने 2023 मध्ये कायदा केला आहे. 2027 च्या फेब्रुवारीपासून, काही अपवाद सोडता, अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर तिने आधी लक्ष द्यायचं ठरवलं.

हा हक्क ग्राहकाइतकाच चाचांसारख्यांचाही आहे. आपल्या गावोगावच्या बाजारात रेडिओ, घड्याळं, पंखे, मोबाइल दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानांवर हजारो घरं चालली, त्यांत आपल्या समाजातलीही कितीतरी. वस्तू उघडताच येणार नसेल, सुटा भाग मिळणारच नसेल, तर हातातलं हे हुनर कुणाला द्यायचं? चाचांच्या दुकानात आज शिकायला कुणी येत नाही.

त्या रात्री मी दादीमांची फाइल पुन्हा लावली. “तुम्ही लपलात कुठे?” या प्रश्नानंतर उजव्या कानात त्यांचा आवाज आला. “उभ्या पिकात, बेटा. तीन दिवस.” मी ते वाक्य उतरवून घेतलं आणि पुढे ऐकत राहिलो.