हिरोशिमाचें धिरडें

इतिहास राजवाड्यांत आणि रणांगणांतच घडतो, अशी समजूत शाळेपासूनच आपल्या मनांत रुजलेली असते. परंतु एखाद्या समाजानें आपत्तींतून डोकें वर कसें काढलें हें पाहावयाचें असल्यास त्याच्या चुलीपाशींहि जावें लागतें. जपानांतील ‘ओकोनोमियाकी’ हा पदार्थ या दृष्टीनें विचारांत घेण्यासारखा आहे. ‘ओकोनोमि’ म्हणजे आवडेल तें व ‘याकी’ म्हणजे भाजलेलें. गव्हाच्या पिठाचें, आपल्या धिरड्याच्या जातीचें हें खाणें होय.

त्याचें कूळ जुनें सांगतात. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या चहापानांत पिठाची पातळ पोळी भाजून देत असत. पुढें दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ही कल्पना मुलांच्या खाऊच्या दुकानांत उतरली. पातळ धिरड्यावर पातीचा कांदा व सॉस घालून तें एका सेनला, म्हणजे येनच्या शंभराव्या हिश्शाला, मिळे. आणि नांव मात्र भारदस्त, ‘एका सेनचें विलायती खाणें’!

६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारें १,४०,००० माणसें मृत्यू पावलीं, असा अंदाज आहे. जीं वांचलीं त्यांच्यापुढें प्रश्न पोटाचा होता. तांदूळ दुर्मिळ झाला होता. अमेरिकेहून आलेलें गव्हाचें पीठ तेवढें मिळे. तेव्हां मुलांच्या त्या खाऊंत स्वस्त कोबी भरून लोकांनीं त्याचें जेवण केलें. घरचा कर्ता गमावलेल्या कित्येक स्त्रियांनीं दर्शनी खोलींत तवा मांडून संसार सावरला, असें तेथें सांगतात.

प्रवासांत तेथील एका लहानशा दुकानांत हें खाण्याचा योग आला. ओसाकास सर्व जिन्नस पिठांत कालवितात. हिरोशिमास थरावर थर रचतात. पिठाचा पातळ पापुद्रा, त्यावर कोबीचा ढीग, मोड, नूडल्स, अंडें व शेवटीं दाट गोडसर सॉस. डुकराचें मांस नको म्हणतांच बाईंनीं हंसून तें बाजूस ठेविलें. नांवाचा अर्थ तेव्हां प्रत्ययास आला.

ज्या राष्ट्राच्या विमानानें शहर जाळलें, त्याच राष्ट्राच्या पिठावर त्या शहरानें दिवस काढले. या गोष्टीचा निवाडा कृतज्ञतेनें होत नाहीं, द्वेषानेंहि होत नाहीं. आवडीनिवडीस जागाच उरली नव्हती, त्या काळांतून निघालेलें हें अन्न आज ‘आवडेल तें’ या नांवानें लोक आनंदानें खातात. स्मारकांवर मृतांची संख्या वाचावयास मिळते. वांचलेले कसे जगले, हें समजून घेण्यास या तव्यापाशींच बसलें पाहिजे.