निवृत्तीच्या वयापलीकडील वर्गणी आणि गिरणगावचा कामगार

परळ-लालबागचा गिरणी कामगार भविष्यनिर्वाह निधीला 'फंड' म्हणत आला आणि निवृत्तिवेतनाला 'पेन्शन'. बोलीतील हा भेद आयकराच्या कायद्यानेही पाळला आहे. निवृत्तीचे वय उलटल्यावरही काम करणाऱ्याच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

खासगी मालकांच्या मान्यताप्राप्त निधींना करसवलत मिळाली ती १९२९ च्या कायद्याने. तेव्हा असा निधी काढणे मालकाच्या इच्छेवर होते. १९५२ च्या कायद्याने कापडगिरण्यांसह सहा उद्योगांत तो सक्तीचा झाला. कामगाराची वर्गणी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा होती, मालकाचीही तितकीच. वयाच्या ५५ वर्षांनंतर निवृत्त होणाऱ्यास सारी रक्कम एकदम मिळे. १९६१ च्या आयकर कायद्याने पाच वर्षांच्या अखंड नोकरीनंतर मिळणारी ही रक्कम करमुक्त राखली. तथापि करातील सूट कर भरणाऱ्याच्याच कामाची. साचेखात्यातील सामान्य विणकराची मिळकत करपात्र मर्यादेपर्यंत क्वचितच पोहोचे.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना अमलात आली. ठराविक वेतनमर्यादेपर्यंत मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम पेन्शनकडे वळली. कामगाराला ५८ वर्षे पूर्ण होताच या योजनेतील त्याचे सदस्यत्व संपावे व तो कामावर राहिल्यास मालकाचा सगळा वाटा फंडात जमा व्हावा, असा नियम झाला. यामुळे एकाच रुपयाचे करदृष्ट्या स्वरूप बदलले. पेन्शनकडे गेलेला रुपया पुढे वेतन या सदरात करपात्र ठरे. ५८ वर्षांनंतर फंडात गेलेला रुपया अटी पाळल्यास करमुक्त हाती येई. ही मुभा नोकरीशी बांधलेली होती. नोकरी संपल्यावर फंडात पडून राहिलेल्या रकमेवरील व्याज करपात्र आहे, असा निर्णय आयकर अपीलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर पीठाने २०१७ मध्ये दिला.

या रचनेत गिरणी कामगाराचे स्थान कोठे, हा खरा प्रश्न होय. निवृत्तीनंतर त्याच जागी टिकून राहणारा कामगार या नियमात गृहीत धरलेला आहे. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कित्येक कामगारांना उतारवयात पहारेकऱ्याची वा तत्सम कामे धरावी लागली. १९५२ च्या योजनेनुसार ५५ वर्षांनंतर निवृत्त होऊन फंडाची सर्व रक्कम उचललेला कामगार पुन्हा नोकरीस लागला, तर तो 'वगळलेला कर्मचारी' ठरे. त्याच्यासाठी वर्गणी भरण्याची सक्ती नव्या मालकावर नसे. वर्गणीच नाही तेथे सवलतीचा प्रश्नच उरत नाही. ज्याची नोकरी सलग राहिली त्याच्या वार्धक्याला कायद्याने करमुक्तीची जोड दिली. ज्याची नोकरी तुटली तो फंडाबाहेर राहिला, आणि गिरणगावात अशांची संख्या थोडी नव्हती.